फेख्तकाठचे किल्ले पहिल्यांदा बघायला जाताना

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेलं मराठी कुटुंब भेटलं की तासाभरात किल्ल्यांचा विषय निघतोच. "इथे गड वगैरे काही आहे का हो?" आहेत, आणि अॅमस्टरडॅमहून आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. तरीही पहिल्यांदा जाऊन आलेली मंडळी बऱ्याचदा थोडी हिरमुसलेली असतात. चढण नाही, दरी नाही. विटांचा एक कोट, भोवती खंदक, तिकीट काढलं, कॉफी प्यायली, झालं. माझंही पहिल्या वेळी तेच झालं. पुढे दोन-तीन फेऱ्यांनंतर लक्षात आलं की मी किल्ल्याचा अगदी थोडा भाग बघून परत आले होते. उरलेला किल्ला बाहेर पसरलेला होता: कालव्यात, बांधात, पाण्याच्या दारांत, गायी चरत होत्या त्या कुरणात. या मुलखात राखणीचं मुख्य काम पाण्याने केलं आणि भिंती त्याच्या मदतीला उभ्या राहिल्या. म्हणून नवख्यांना मी एकच सांगते, आधी पाणी बघा, मग कोटात शिरा. पुढची सगळी आखणी त्याच क्रमाने केली आहे.

भाग आहे फेख्त नदीचा. ही नदी उत्रेख्त शहरातून उत्तरेला वाहत येते आणि मौडन गावापाशी आयमेर या मोठ्या जलाशयाला मिळते. एकेकाळी तिथे झौडरझे नावाचा खारा समुद्र होता. 1932 साली उत्तरेला मोठा बांध घालून तो अडवला आणि पाणी हळूहळू गोडं झालं. नदीच्या दोन्ही अंगांना दलदल, बोरू आणि तळी. यातली बरीच तळी माणसाने केलेली आहेत. कुजलेल्या वनस्पतींची काळी माती लोकांनी जळणासाठी शेकडो वर्षं कापून नेली आणि त्या खड्ड्यांत पाणी साचत गेलं.

निघण्याआधी चार शब्द

पाट्यांवर चार वेगवेगळे शब्द दिसतील. 'कास्टेल' आणि 'स्लॉट' म्हणजे सरदाराचा किंवा राजघराण्याचा कोट, आपल्या भुईकोटाच्या जवळचा. 'फेस्टिंग' म्हणजे तटबंदीचं अख्खं गाव, ज्यात आजही लोक राहतात. 'फोर्ट' म्हणजे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली लष्करी ठाणी. बाहेरून ती गवताच्या टेकाडासारखी दिसतात, कारण छतावर मातीचा जाड थर आहे. हा फरक माहीत नसला की माणूस फोर्टासमोर उभा राहून किल्ला शोधत बसतो. मी तशी दोन कुटुंबं स्वतः पाहिली आहेत.

उच्चारांचंही सांगते, कारण रस्ता विचारताना अडतं. सुरुवातीचा 'व्ही' बराचसा 'फ' सारखा, 'जी' आणि 'सीएच' घशातला 'ख', आणि 'यू-आय' ही जोडी साधारण 'औ'. म्हणून मौडन, फेख्त, उत्रेख्त.

पाण्याची रीत समजून घ्या

घरी बसून दहा मिनिटं एवढं वाचून गेलात तर पुढचा दिवस वेगळाच दिसेल. शत्रू पूर्वेकडून आला की पाण्याची दारं उघडायची, कालवे तुंबवायचे आणि तीन ते पाच किलोमीटर रुंदीचा जमिनीचा पट्टा बुडवून टाकायचा. पाणी किती? साधारण चाळीस-पन्नास सेंटिमीटर, म्हणजे गुडघाभर. ही खोली मुद्दाम ठरवलेली. एवढ्या पाण्यातून तोफा, घोडे आणि शिपाई नेणं कठीण, आणि होडी घालावी तर तळ टेकतो. त्यात पाण्याखाली शेतांचे चर लपलेले. पुढचं पाऊल गुडघाभर पाण्यात पडेल की गळाभर, हे शिपायाला कळणार नाही.

पण बांध, रस्ते आणि पुढे रेल्वेचे रूळ या पाण्यातून वर राहायचेच. शत्रू तिथूनच येणार. म्हणून अशा प्रत्येक वाटेवर एकेक फोर्ट. नकाशावर फोर्ट विखुरलेले वाटतात, पण कुठल्याही एकावर बोट ठेवा, शेजारी बांध, नदी, रस्ता किंवा रूळ सापडणारच.

1672 साली चौदाव्या लुईचं फ्रेंच सैन्य उत्रेख्तपर्यंत आलं आणि अशाच पाण्याने पश्चिमेचा हॉलंड प्रांत वाचला. त्याच हिवाळ्यात या युक्तीची दुबळी बाजूही उघडी पडली. पाणी गोठलं, फ्रेंच सैन्य बर्फावरून चालत आलं, आणि मग बर्फ वितळायला लागल्यामुळे त्याला मागे फिरावं लागलं. पाणी सोडून राखायच्या अशा सलग पट्ट्याला जलरेषा म्हणतात; ही झाली जुनी जलरेषा. 1815 नंतर ती पूर्वेकडे सरकवून नवी बांधायला घेतली, मौडनपासून दक्षिणेला बीसबॉस दलदलीपर्यंत, सुमारे 85 किलोमीटर. शिवाय 1883 ते 1920 या काळात अॅमस्टरडॅमभोवती 135 किलोमीटरचं फोर्टांचं कडं उभं राहिलं. ते कडं 1996 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं आणि 2021 साली नवी जलरेषाही त्यात जोडली. 1940 च्या मे महिन्यात जर्मन विमानं या सगळ्यावरून उडून गेली, तेव्हा मात्र पाण्याचा काही इलाज चालला नाही.

कधी जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात मोठे कोट शनिवार-रविवारी उघडे सापडतात, फोर्टांचं मात्र सांगता येत नाही. एका जानेवारीत आम्ही मुलांना घेऊन, वाऱ्यात सायकली हाणत एका फोर्टापाशी पोचलो तर फाटकाला कुलूप आणि त्यावर पाटी. भाषांतर करून पाहिलं, आत वटवाघळं झोपली आहेत. फोर्टांच्या दमट, एकसारख्या तापमानाच्या खोल्या वटवाघळांना हिवाळी झोपेसाठी फार मानवतात, म्हणून अनेक फोर्ट थंडीत बंद ठेवतात. मुलं आधी रडकुंडीला आली, मग घरी येईपर्यंत वटवाघळांबद्दलच बोलत होती. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जागेचं संकेतस्थळ उघडून वेळ बघते. सोमवार शक्यतो टाळा.

दोन दिवस दिनदर्शिकेत खूण करून ठेवण्यासारखे. पेन्टेकोस्टच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मे-जूनमधल्या त्या सुट्टीच्या सोमवारी, देशभर 'किल्ल्याचा दिवस' असतो. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी वारसा-वास्तू लोकांसाठी खुल्या असतात, बऱ्याच ठिकाणी फुकट.

काय बरोबर घ्यायचं

पावसाचं ढगचित्र दाखवणारं अॅप फोनवर हवंच. छत्री वाऱ्यात उलटी होते. त्यापेक्षा टोपीचं जाकीट बरं. उंच गवतातून चाललात तर घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यामागे, मुलांच्या कानामागे गोचीड आहे का ते बघा. इथली गोचीड लाइम रोग देऊ शकते, त्यामुळे यात कंटाळा करू नका. वसंतात पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, तेव्हा पायवाट सोडू नका.

खाण्याचं म्हणाल तर ठेपले आणि दशम्या घेऊन जा. बांधावर बसून खायला कोणी हरकत घेत नाही. हॉटेलात शाकाहारी असाल तर 'तोस्ती', म्हणजे शेकलेलं चीज-सँडविच, मागताना 'झोंडर हाम' हे दोन शब्द नक्की म्हणा, म्हणजे हॅम नको. नाहीतर चीजबरोबर ते येतंच. मोहरीच्या सूपमध्ये बेकनचे तुकडे असतात, तेही आधी विचारा.

पहिल्या दिवसाची वाट: वेस्प, मौडन, नार्डन

ही वाट सायकलची आहे. स्वतःची सायकल असेल तर सुट्टीच्या दिवशी आगगाडीत नेता येते. तिचं वेगळं तिकीट काढायचं, घडीच्या सायकलला लागत नाही. भाड्याची सायकल घेतलीत तर ती घेतली तिथेच परत द्यायची असते, म्हणजे फेरी गोल करावी लागेल. इथे वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येचा असतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला जायचं. वारा पाठीवर राहतो. पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्याला वारा समोरून आला तर किल्ले बाजूलाच राहतात. वाटेत हिरव्या-पांढऱ्या पाट्यांवर आकडे दिसतील. हे सायकलमार्गांचे सांधे. आपल्या मार्गाचे आकडे क्रमाने कागदावर लिहून घ्या, मग फोन खिशात ठेवला तरी चालतो.

वेस्प स्थानकावर उतरा. हे गाव 2022 पासून अॅमस्टरडॅम महापालिकेत आहे. नदीवर आलात की पाण्याला लागून विटांचा गोल फोर्ट दिसेल. नदीवरून येणाऱ्यावर नजर ठेवायला ही जागा का निवडली, ते तिथे उभं राहिलं की विचारावं लागत नाही. गावात बदामाची बिस्किटं मिळतात, वेस्परमॉप म्हणून. एक पुडा घ्या.

वेस्प ते मौडन फेख्तच्या काठाने चारेक किलोमीटर. घाई करू नका. एका बाजूला नदी रस्त्याच्या बरोबरीने वाहते आणि दुसऱ्या बाजूचं कुरण तिच्याहून खाली असतं. पाणी वर, जमीन खाली! हे डोळ्यांनी बघितलं की पूर आणणं इथे केवढं सोपं आणि पूर थोपवणं केवढं कष्टाचं, ते उमगतं.

या वाटेवर आणि या सगळ्या भागात अधूनमधून लाकडी घरं दिसतील, शेजारची बाकी घरं विटांची असताना. त्यामागे 1853 चा एक कायदा आहे. फोर्टापासून तीनशे मीटरच्या आत घर बांधायचं तर लाकडाचंच, कारण युद्ध आलं की तोफेसमोरची जागा मोकळी करायला ते पाडता किंवा जाळता आलं पाहिजे. हा कायदा 1963 साली उठला. आपलं घर एका हुकमाने जाळलं जाऊ शकतं हे माहीत असताना तिथे संसार करणाऱ्या बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मौडनमध्ये कोटाच्या आधी गावातल्या मोठ्या समुद्रद्वारापाशी थांबा. दोन लाकडी दारं पाण्यात एकमेकांना टेकतात, पण सरळ रेषेत नाही, किंचित टोक काढून, आणि ते टोक जास्त पाण्याच्या दिशेला. पाणी जितकं जोरात ढकलेल तितकी दारं घट्ट बसतात. उन्हाळ्यात शिडाच्या होड्या इथे रांगेत उभ्या असतात आणि लोक काठावर बसून गंमत बघतात. याच दारांच्या हाती फेख्तचं पाणी होतं, म्हणून या छोट्या गावाला एवढी तटबंदी. इथे अर्धा तास काढा. कोटात तासभर कमी मिळाला तरी चालेल.

मग मौडरस्लॉट. 1285 च्या सुमारास हॉलंडचा काउंट फ्लोरिस पाचवा याने नदीच्या मुखावर हा कोट बांधला, उत्रेख्तला जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला. तेव्हा उत्रेख्त श्रीमंत होतं. 1296 साली त्याच्याच सरदारांनी त्याला पकडून याच कोटात कोंडलं. शेतकरी त्याला सोडवायला निघाल्यावर सरदार त्याला घेऊन पळाले आणि जवळच मौडरबर्गपाशी त्याला ठार मारलं. पहिला कोट लवकरच पाडला गेला. आज दिसतो तो पुढच्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच जागी उभारलेला: चौकोनी, चार कोपऱ्यांना गोल बुरूज, आणि सगळं विटांचं. दगड या मुलखात मिळतच नाही. नदीची माती भाजली आणि तिचाच कोट केला.

1609 ते 1647 इथे पी. सी. होफ्त राहायचा, कवी, इतिहासकार आणि या भागाचा अंमलदार. अॅमस्टरडॅममध्ये ज्या महागड्या रस्त्यावर आपण नुसत्या काचा बघत फिरतो, त्या रस्त्याला याचंच नाव आहे. फोंडेल, हौखन्स असे कवी त्याच्याकडे यायचे. खालच्या बागेतले आलुबुखारे आणि भाजीचे वाफे चुकवू नका. एकोणिसाव्या शतकात हा कोट पाडून विटा विकायचं घाटत होतं. राजा पहिल्या विलेमने 1825 साली ते थांबवलं आणि 1878 पासून इथे संग्रहालय आहे.

बुरुजाचा जिना गोल, अरुंद, चढायला एकच वाट. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालची दालनं आणि बाग बघावी, त्यातही तास जातो. वर गेलात तर आयमेरकडे तोंड करून उभे राहा. पाण्यात एक बुटकं, हिरवट-काळं टेकाड दिसेल. ते पाम्पुस, 1887 ते 1895 मध्ये केलेलं कृत्रिम बेट, वर फोर्ट. अॅमस्टरडॅम बंदराची वाट राखायला ते पाण्यातून उभं केलं आणि समुद्र अडवल्यावर त्याचं काम संपलं. मौडनहून तिथे उन्हाळी हंगामात बोट जाते. दोन्ही एका दिवसात करता येतात, पण मग नार्डन सोडा. लहान मुलं असतील तर मी तेच सुचवेन. बोट आणि भुयारं यांच्यापुढे मुलांना दुसरं काही नको असतं.

मौडनहून मौडरबर्गमार्गे नार्डन, दहा किलोमीटरच्या आसपास. नार्डन हे तटबंदीचं गाव वरून बघितलं तर सहा टोकांच्या चांदणीसारखं दिसतं: सहा बुरूज, त्यांच्यापुढे पाण्यात बेटांसारखी मातीची ठाणी, आणि दोन खंदक. आपल्याकडे बुरूज गोल, इथले बाणाच्या टोकासारखे. का, ते तिथेच करून बघा. एका बुरुजाच्या बगलेत उभे राहा आणि शेजारच्या बुरुजाकडे पाहा. त्याच्या भिंतीचा तळ अथपासून इतिपर्यंत दिसतो, लपायला कोपराच उरत नाही. गोल बुरुजाच्या पुढ्यात असा कोपरा राहतो.

तटावर गवताची वाट आहे, तासाभरात निवांत फेरी होते. एका बुरुजात किल्ल्यांचं संग्रहालय आहे. आत तोफांच्या खोल्यांत शिरलात की उन्हाळ्यातही अंगावर शहारा येतो. विटांना ओल, हवेत मातीचा वास, आणि फटीतून खंदकाच्या पाण्याची हलणारी लकेर छतावर पडलेली. काही रविवारी तोफ उडवून दाखवतात.

या गावाचं दुःखही माहीत असू द्या. 1 डिसेंबर 1572 रोजी स्पॅनिश सैन्याने इथल्या लोकांना एका इमारतीत जमवलं आणि त्यांची कत्तल केली. त्या जागी नंतर उभारलेल्या घराला 'स्पॅनिश घर' म्हणतात आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर तो प्रसंग कोरलेला आहे. बाजूने कॉफी पीत जाणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटतो. दोन मिनिटं थांबा.

परतीची गाडी नार्डन-बुसुम स्थानकावरून. अॅमस्टरडॅमकडे जाणारी पकडा आणि खिडकी धरा. वेस्पच्या आधी रूळ थेट एका तळ्यातून जातात, हे नार्डरमेर. अॅमस्टरडॅमचा कचरा इथे टाकायचं ठरत होतं, तेव्हा निसर्गप्रेमींनी संस्था काढून 1906 साली हे तळं विकत घेतलं. देशातलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र. संध्याकाळी पाणकावळे दिसतात, नशीब असेल तर जांभळा बगळा. फार थोड्या मिनिटांचा खेळ आहे, फोनमध्ये डोकं घालू नका.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर

सायकल विसरा आणि तीन जागांचा आग्रह धरू नका. मौडरस्लॉट आणि समुद्रद्वार, किंवा नुसतं नार्डन. गाड्या आणि बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. उतरताना पुन्हा टेकवायचं, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत. आगगाडीतून बसमध्ये जाताना आधी स्थानकावर टेकवून बाहेर, मग बसमध्ये नव्याने टेकवायचं. इथेच बहुतेकांची गफलत होते आणि पैसे जास्त कापले जातात.

दुसरी फेरी

इथे वर्षभर राहणार असाल आणि पाच-सहा संग्रहालयं तरी बघायची असतील तर संग्रहालयांचं वार्षिक कार्ड काढा. मौडरस्लॉट, नार्डनचं संग्रहालय आणि पुढे सांगते तो झौलनचा कोट, तिन्हीकडे ते चालतं.

उत्रेख्तजवळ बुनिक इथला फेख्तन फोर्ट सगळ्यात आधी गाठा. तिथे जलरेषेचं संग्रहालय आहे आणि अंगणात पन्नास मीटर लांबीचा नमुना, ज्यात मुलं स्वतः दारं फिरवून जमीन बुडवू शकतात. शेजारचा रैनाउवन फोर्ट या रेषेवरचा सगळ्यात मोठा, पण तिथे मार्गदर्शकासोबतच सोडतात.

आणि एक दिवस उत्रेख्तहून फेख्तच्या काठाने उत्तरेला निघा. नदीवर व्यापाऱ्यांचे उन्हाळी वाडे लागतात, पाण्यावर झुकलेल्या चहाच्या घुमट्या लागतात. यातल्या बऱ्याच वाड्यांना डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराचा पैसा लागला. वेंगुर्ल्याला बाजाराजवळ जी पडकी डच वखार आहे ना, ती याच कंपनीची. लहानपणी त्या भिंतींवर चढलेल्या माणसाला या वाड्यांपुढून जाताना थोडं वेगळं वाटतं.

पाच-सहा किलोमीटरवर आउट-झौलन गाव आणि झौलनचा कोट. 1740 साली इथे जन्मलेली बेला फान झौलन फ्रेंचमध्ये लिहायची आणि सरदारांच्या ऐटीवर लेखणी चालवायची, स्वतः सरदाराची लेक असून. आतली दालनं कधी आणि कशी दाखवतात ते आधी बघून जा. बागेत जायला विसरू नका. तिथे नागमोडी विटांची एक भिंत आहे. वळणांमुळे ती आधाराच्या खांबांशिवाय उभी राहते, आणि प्रत्येक खोबणीत ऊन साठून राहतं म्हणून थंड हवेतही अंजीर आणि द्राक्षं पिकतात. दुपारी उशिरा गेलात तर सावली आल्यावर त्या खोबणीत हात टेकवून बघा. वीट अजून कोमट असते.